कोऱ्या नळीतलं मांजर

आमच्या मोठ्या जाऊबाई गेली बावीस वर्षं एका नळीत काहीही न घालण्याचं काम करतात. हे मी कुणाला सांगायला गेले की समोरच्याला वाटतं मी जावेची थट्टा करतेय. म्हणून हल्ली मी "प्रयोगशाळेत असतात" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. पण गेल्या दोन महिन्यांत जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

ताईंची प्रयोगशाळा प्राण्यांची आहे. हे पिल्लू खरंच त्या बक्षीस मिळवलेल्या कुत्र्याचं का, या घोड्याचा बाप कागदावर लिहिलाय तोच का, असल्या चौकश्या तिथे होतात. मालक लोक गालाच्या आतून फिरवलेला कापूस किंवा मुळासकट उपटलेले केस पाकिटात घालून पाठवतात. सोमवार कुत्र्यांचा, मंगळवार-बुधवार घोडे आणि गाईंचे, गुरुवार मांजरांचा. टेबलावर चोवीस नळ्या लागतात, करंगळीच्या नखाएवढ्या. तेवीस नळ्यांत एकेका प्राण्याचा अंश. चोविसाव्या नळीत बाकी सगळी औषधं तीच, पण प्राण्याच्या जागी नुसतं शुद्ध पाणी. ही कोरी नळी.

मग सगळ्या नळ्या यंत्रात जातात. यंत्राला अक्कल नसते. औषधं दर प्राण्याची वेगळी, त्यामुळे नळीत त्या दिवशीच्या प्राण्याच्या जनुकांचा जो धागा सापडेल त्याच्या प्रती काढायच्या, एवढंच त्याला येतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या शंभर कोटींवर प्रती होतात. म्हणून कणभर अंशावरूनही वाचता येतं. आणि म्हणूनच कोरी नळी लागते. ती शेवटपर्यंत कोरी राहिली तर बाकीच्या तेवीस खऱ्या. तिच्यात काही उगवलं, तर कुठून तरी परका अंश शिरलाय, आणि दिवसभराचं काम कचऱ्याच्या डब्यात.

ताई तिथे लागल्या त्या काचेची भांडी धुवायला. कॉलेज अर्धवट सुटलेलं, घरात सासूबाईंचं आजारपण. एकदा टेबलावरच्या जुन्या बाई रजेवर होत्या, तेव्हा तातडीचं म्हणून ताईंना नळ्या भरायला बसवलं. संध्याकाळी जुन्या बाईंनी निकाल पाहिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून भांडी दुसरं कुणीतरी धुवेल." ताईंचा हात थरथरत नाही. नळी भरताना त्या श्वाससुद्धा बेतानं घेतात. घरीही तेच. मोठे भावजी म्हणतात, "हिच्याशी भांडायचं असेल तर दूध ओतून होईपर्यंत थांबावं लागतं. तोपर्यंत माझा मुद्दाच विसरतो."

तर त्या ताईंच्या कोऱ्या नळीत एका गुरुवारी मांजर निघालं.

दिवस नेहमीचाच होता. नळ्या भरणं चालू असताना प्रयोगशाळेचे साहेब महिन्याच्या वहीवर सही करायला टेबलाशी येऊन गेले होते. संध्याकाळी पडद्यावर कोऱ्या नळीची रेघ सपाट दिसायला हवी, तर तिच्यावर ठळक शेंडे. ताईंनी सगळं फेकलं. नवं पाणी, नवी खोकी, नवे हातमोजे. पुढच्या गुरुवारी साहेब स्वतः शेजारी उभे राहून बघत होते. पुन्हा मांजर. आणि पुन्हा तेच मांजर.

"तेच कशावरून?" मी विचारलं. "मांजरासारखं मांजर."

"आकडे तेच आहेत गं. आणि तपासायला आलेल्या एकाही मांजराशी जुळत नाहीत. म्हणजे आमच्याकडे पाकिटातून न येता आलेलं मांजर आहे."

"नळीत मांजर मावतं कसं?" माझी लेक म्हणाली. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला मोठी काकू म्हणजे जादूगार वाटते.

"आख्खं कशाला मावायला हवं? मांजर दिवसभर अंग चाटतं. थुंकीतल्या पेशी केसाला चिकटतात. त्यातली एक पेशी पडली नळीत, तर त्या एका पेशीत त्या मांजराचं सगळं लिहिलेलं असतं. कान कसे, डोळे कसे, मिशी किती."

"नळीत पडलेल्या पेशीतही मिशीचं लिहिलेलं?"

"प्रत्येक पेशीत सगळं. शेपटीतल्या पेशीतही डोळ्यांचं लिहिलेलं असतं, फक्त ती ते पान उघडत नाही."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. साहेबांनी फळ्यावर सूचना लावली. पुढच्या महिन्याच्या अखेरच्या गुरुवारी कोरी नळी कोरी निघाली नाही, तर टेबलाचं काम दुसऱ्याकडे आणि ताई पुढच्या खिडकीत, पाकिटांवर चिकटपट्ट्या लावायला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. ताई आम्हाला म्हणाल्या, "चिकटपट्ट्या तर चिकटपट्ट्या." आणि त्या दिवशी त्यांनी दूध ओतताना चक्क सांडलं. भावजींनी गुपचूप पुसून घेतलं.  बावीस वर्षांत मी त्यांच्या हातून एक थेंब बाहेर गेलेला पाहिला नव्हता.

प्रयोगशाळेत एक नियम आहे, साहेबांनीच केलेला. टेबलाच्या खोलीत येणाऱ्या कुणीही घरात केसाळ प्राणी पाळायचा नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यामुळे बोट कुणाकडे? ताईंकडे. चार जणांसमोर साहेब म्हणाले, "बाई, घरी नसेल, पण शेजारीपाजारी? जाणंयेणं?"

जाणंयेणं म्हणजे आम्ही. आमचं दार त्यांच्या दाराला लागून. रविवारी सकाळी ताई चिकटपट्टीचं रीळ घेऊन आल्या आणि आमच्या सोफ्यावर, पडद्यांवर, पायपुसण्यावर पट्ट्या दाबून दाबून उचलायला लागल्या. मी लेकीला समोर उभं केलं. कारण मी तिला मांजर पाळायला सक्त मनाई केलेली आहे, आणि ज्याची मनाई करावी ते ती कपाटात ठेवते, हा माझा अनुभव आहे. मागच्या वर्षी गोगलगाई होत्या.

"खरं सांग," मी म्हटलं. "आहे का कुठे?"

"नाही गं आई!"

"दप्तर दाखव."

"दप्तरात मांजर ठेवलं तर ते डबा नाही का खाणार?"

हे उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय वाढला. ताईंनी दप्तरावरही पट्टी दाबली.

पट्ट्यांवर नावं लिहून झाल्यावर ताईंनी लेकीची समजूत काढायला पिशवीतून रंगीत झाकणं काढली. जुन्या नळ्यांची, लाल, पिवळी, निळी, हिरवी. जेवणाच्या टेबलावर दोन रांगा मांडल्या. नियम एकच. लालसमोर पिवळं, निळ्यासमोर हिरवं.

"हा जनुकांचा धागा. चारच अक्षरं आणि त्यांच्या ठरलेल्या जोड्या. आता मी डोळे मिटते. तू एक रांग उचलून लपव."

लेकीने रांग उचलून फ्रॉकच्या खिशात घातली. ताईंनी डोळे उघडले आणि उरलेल्या रांगेकडे बघत पिशवीतून झाकणं काढून समोर पटापट लावून टाकली. लेकीने खिशातली काढून ताडून पाहिली. एकही चूक नाही.

"म्हणजे अर्धं गेलं तरी सगळं उरतं!"

"आणि तुझ्या खिशातल्या रांगेसमोर पण झाकणं लाव बघू. लावलीस? आता दोन जोड्या झाल्या. पेशी अशीच करते. धागा मधून सुटा होतो, दोन्ही रांगा आपापली जोडी नव्याने भरून घेतात. एकाचे दोन. आमचं यंत्र तेच करतं, फक्त घाईनं. तापवून सुटं करायचं, निववून भरून घ्यायचं."

मी आपली आई. मी विचारलं, "भरताना चूक झाली तर?"

"होते की. पण जो भरतो तोच मागे वळून तपासतो. चुकलं असेल तर काढून पुन्हा लावतो."

"आणि त्यातूनही सुटली तर?"

"मागून आणखी दुरुस्तीवाले येतात. तरी एखादी सुटते. बहुतेकदा त्यानं काही होत नाही."

"बहुतेकदा?"

"आई," लेक म्हणाली, "तू ना, सगळ्या रांगा मोजत बसशील."

शुक्रवारी निकाल आला. ताईंनी तो प्रयोगशाळेच्या कागदावर छापून आणला होता. आमच्या घरात मांजराचा अंश नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. लेकीला मात्र वाईट वाटलं. तिला थोडंसं तरी मांजर निघायला हवं होतं.

पण त्याच्या आदल्याच दिवशी, तिसऱ्या गुरुवारी, कोऱ्या नळीत पुन्हा शेंडे उगवले होते. ताईंनी दोनदा आंघोळ केली होती, कपडे उकळून घातले होते. साहेब टेबलावर ओणवे होऊन एकेक थेंब पडताना बघत होते. चौथ्या गुरुवारी ताई माझे कपडे घालून गेल्या. मी त्यांच्यापेक्षा रुंद, त्यामुळे कपडे त्यांच्या अंगावर झुल्यासारखे हलत होते. डोक्याला न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी. त्या दिवशी साहेब दाढदुखीने रजेवर होते, नाहीतर ओळखलंच नसतं. आणि संध्याकाळी रेघ सपाट! ताईंनी फोनवर "कोरी!" एवढंच सांगितलं. भावजींनी ती टोपी धुऊन, वाळवून, पुढच्या गुरुवारसाठी खुंटीला टांगली.

पाचव्या गुरुवारी तेच कपडे, तीच टोपी, आणि मांजर हजर. साहेबही हजर. ते म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतंय. पण आता एकच गुरुवार राहिला."

त्या संध्याकाळी ताई फाटकातून बाहेर पडत असताना वॉचमनची मांजरी त्यांच्या पायाला घासून गेली. करड्या रंगाची, एक कान फाटलेला. बावीस वर्षं तिला आणि तिच्या पूर्वजांना ताई बाजूला सारून जात आल्या होत्या. आज त्या थांबल्या. कापसाची काडी काढली. मांजरीने तोंड उघडलं ते चावायलाच, पण काडी गालातून फिरली. वॉचमन म्हणाला, "बाई, दात दुखतायत का तिचे?"

शुक्रवारी निकाल घेऊन ताई जिन्यातच मला भेटल्या. डोळे चमकत होते.

"ती नाही."

"मग खूश कशाला?"

"ऐक तरी. धाग्यावर काही ठिकाणी तीच तीच अक्षरं लागोपाठ येतात, शाळेत शिक्षा म्हणून लिहावी लागतात तशी. कुणाची बारा वेळा, कुणाची पंधरा वेळा. आम्ही तेवढंच मोजतो. दर ठिकाणी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. फाटकावरच्या मांजरीचे आणि नळीतल्या मांजराचे आकडे सारखे नाहीत. पण प्रत्येक ठिकाणी एक, एक तरी सारखा आहे. एकही जागा चुकली नाही."

"म्हणजे?"

"एकतर आई, नाहीतर लेकरू. आणि तिची आई मागच्या वर्षीच गेली, वॉचमननेच पुरली. नळीतलं आहे ते हिचं पिल्लू."

शनिवारी ताईंनी वॉचमनला गाठलं. मीही होते, कारण ताईंना एकटीला पाठवायला माझा जीव होईना. वॉचमन खुर्चीवर बसून पेपरातलं कोडं सोडवत होता.

"हिला पिल्लं किती झाली?"

"चार."

"कुठे आहेत?"

"एक इस्त्रीवाल्या बाईंकडे. एक टायरच्या दुकानात. एक समोरच्या शाळेत, उंदरांवर नेमलंय."

"ही तीन झाली."

"तीनच धरा."

"चार म्हणालात ना?"

"चौथ्याचं विचारू नका बाई. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला उरला?" तो पुन्हा कोड्यात डोकं घालू लागला.

ताई हटल्या नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. "तीन वर्षं राहिलीत माझी. टेबल जातंय. माणूस सांगू नका. कधी नेलं ते सांगा."

वॉचमनने पेन्सिल कानावर ठेवली. "बुधवार होता. तुमच्याकडे आरडाओरडा सुरू झाला ना, त्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी."

"कशात नेलं?"

"ब्रीफकेसमध्ये. मीच म्हटलं, फट ठेवा, गुदमरेल."

त्या इमारतीत ब्रीफकेस घेऊन येणारा माणूस एकच आहे.

आम्ही दोघी पदपथावर उभ्या राहिलो. ताई बोटांवर गुरुवार मोजत होत्या. पहिला, सहीला आले. दुसरा, शेजारी उभे. तिसरा, ओणवे. चौथा, दाढ. पाचवा, पुन्हा ओणवे. "आणि मी खुळी टोपी घालून फिरतेय!"

"जाऊन तोंडावर सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? साहेब, तुमच्या बाहीला मांजर आहे? त्यांनी नाही म्हटलं तर? पिल्लाचा नमुना माझ्याकडे नाही. त्यांच्या स्वेटरवर पट्टी दाबू?"

"मग?"

"बघते."

रविवार ते मंगळवार ताईंनी इस्त्रीवाल्या बाई, टायरचं दुकान आणि शाळा गाठून तिन्ही पिल्लांच्या गालातून काडी फिरवली, पण साहेबांना अवाक्षर सांगितलं नाही, आणि मी तीन दिवस जेवताना घास मोजले. साहेबांनी उलटं धरलं तर? खिडकीच्या ऐवजी घरीच पाठवलं तर? भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "तिचा हात थरथरला नाही ना, मग बस."

बुधवारी दुपारी ताई छापलेला कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, तीनदा, आणि तिन्ही वेळा शब्द तेच होते.

"साहेब, मांजर कोणतं ते कळलं."

साहेबांनी चष्मा काढला. "कुणाचं?"

"ते नाही कळलं. आई आपल्या फाटकावरची. म्हणजे तिच्या चार पिल्लांतलं एक. तिघांचे नमुने तपासले, ती नाहीत. राहिलं चौथं. आणि मादी आहे."

"मादी?" साहेब म्हणाले. "छे, छे! बोका आहे तो."

ताईंनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. 

"यंत्र मादी म्हणतंय साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद ओढून घेतला. वर-खाली पाहिला. आकडे त्यांना ताईंइतकेच वाचता येतात. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या आपल्या करड्या स्वेटरकडे पाहिलं, आणि तिथून नजर हलवेनात.

"आई एकटी असते दिवसभर," ते म्हणाले. साहेब पन्नाशीचे, लग्न केलेलं नाही, घरात ब्याऐंशी वर्षांची आई. "मला डबा द्यायला आली होती त्या दिवशी. फाटकाशी बसून राहिली. पिल्लू मांडीत चढलं. मी म्हटलं, आई, नियम आहे. म्हणाली, कुणी केला? मी म्हटलं, मीच. म्हणाली, मग तूच मोड." थोडं थांबून ते म्हणाले, "मी टेबलाला हात लावत नाही, म्हणून मला वाटलं चालेल."

"हात नाही लावत साहेब. पण वाकता."

"तपासायला वाकतो बाई!"

"हो ना. जितकं वाकलात तितकं मांजर पडलं."

मी ताईंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम मादी म्हणालात ना? बोलतं करायला?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या जणू मी नळीत बोट घातलं. "निकालात जे आलं तेच सांगितलं. मी निकालात कधी काही मिसळत नाही."

शेवटचा गुरुवार. साहेब आत आले नाहीत. खोलीच्या दाराला वर एक काच आहे, तिच्यातून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. टाचा उंचावून उभे होते. ताईंनी स्वतःचे कपडे घातले होते, टोपी नव्हती. तेवीस नळ्या भरल्या. चोविसावीत पाणी. मला विचाराल तर त्या दिवशी मी घरी बसून तीन वेळा तेच धुतलेले कप धुतले.

संध्याकाळी पडद्यावर तेवीस मांजरांचे शेंडे आले. चोविसावी रेघ सपाट. ताईंनी पडदा दाराकडे वळवला. साहेबांनी काचेला नाक लावून पाहिलं, मग वळले, फळ्याकडे गेले, सूचना टाचण्यांसकट काढली आणि चार घड्या घालून खिशात ठेवली. तिच्या जागी दुसरी लावली. टेबलाच्या खोलीत साहेबांना प्रवेश बंद, खाली साहेबांचीच सही. टेबल ताईंचंच राहिलं.

ताई हातमोजे काढून बाहेर आल्या तेव्हा ते अजून व्हरांड्यात घुटमळत होते.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मादी आहे हे नक्की?"

"नक्की साहेब."

"म्हणजे पुढे… पिल्लं वगैरे?"

"होतील. वेळेवर डॉक्टरांकडे नेलं नाही तर चार-पाच सहज होतील."

साहेबांनी ब्रीफकेस एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आईने त्याचं नाव बाजीराव ठेवलंय हो," ते म्हणाले. "आता तिला कोण सांगणार?"